मामांच्या आठवणींची ई-प्रत : उलगडणी, दुरुस्ती आणि पुन्हा बांधणी

७ जून २०२५

मामांच्या पुस्तकाची ई-फाइल आज कामाला घेतली. मामा गिरगावातल्या एका छापखान्यात तेहतीस वर्षे खिळे जुळवत होते आणि त्या दिवसांच्या आठवणींचे हे पुस्तक त्यांनी २००३ साली पदरमोड करून छापले होते. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे कुर्ल्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदीचे पाणी घरात शिरले आणि ते सगळे गठ्ठे गेले. वरच्या फळीवर ठेवलेली एक प्रत तेवढी हाती लागली, पण तिचीही ११३ ते १४४ ही पाने, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे, ओल लागून एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. पुढे २०१४ मध्ये अक्षरजुळणीच्या जुन्या सीडीवरून एका व्यावसायिकाकडून ई-पुस्तक करून घेतले. आज या पुस्तकाचे पूर्ण रूप तेवढेच उरले आहे आणि त्यात शब्द मोडलेले आहेत, अनुक्रमणिका अर्धवट आहे, ओळी एकमेकींवर चढल्या आहेत.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली आणि तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइलमधल्या बाइटांवरून निघणारी ठरावीक लांबीची खूण) वहीत उतरवून घेतला, म्हणजे ती बदलली असल्यास कळेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बांधणीतले बदल आणि मजकुरातले बदल एका बैठकीत करायचे नाहीत, आणि मजकुरातला प्रत्येक बदल कोणत्या आधारावर केला ते लिहून ठेवायचे. लेखकाचा शब्द आणि रूपांतरात झालेली मोडतोड यांतली रेषा पुसली गेली, तर चांगली दिसणारी पण मामांची नसलेली प्रत तयार होईल.

८ जून

ईपब, म्हणजे या ई-पुस्तकाचा फाइलप्रकार, ही आतून झिप फाइलच, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेला गठ्ठाच, असते. नावाचा शेवट बदलून ती उलगडली. सर्वांत वर ‘माइमटाइप’ नावाची छोटी फाइल, तिच्याशेजारी ‘मेटा-इन्फ’ हा फोल्डर, त्यात ‘कंटेनर.एक्सएमएल’, आणि ही फाइल ज्या ‘ओपीएफ’ फाइलकडे बोट दाखवते ती दुसऱ्या फोल्डरात. ओपीएफचे तीन भाग महत्त्वाचे. पुस्तकाचे नाव, भाषा, ओळखक्रमांक हे एका भागात. पुस्तकातल्या प्रत्येक फाइलची नोंद दुसऱ्यात. वाचनाचा क्रम तिसऱ्यात. छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर दुसरा भाग म्हणजे तयार फर्म्यांची यादी आणि तिसरा म्हणजे बांधणीला पाठवताना लावलेला त्यांचा क्रम. मामांना फोनवर असे सांगितल्यावर त्यांना पुढचे काही समजावून द्यावे लागले नाही.

पुस्तकात २७ प्रकरणे आहेत, पण मजकुराच्या फाइली चारच निघाल्या. प्रकरणे पाहून नव्हे, तर आकार पाहून मजकूर तोडला होता. जुन्या वाचनयंत्रांना मोठ्या फाइली झेपत नसत, म्हणून रूपांतर करणारे प्रोग्रॅम ठरावीक किलोबाइटांनंतर काट मारत. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत तीन बाइट घेते. त्यामुळे मराठी पुस्तकाची मर्यादा इंग्रजीच्या मानाने फार लवकर भरते. इथे काट तीन ठिकाणी बसली आहे आणि तिन्ही ठिकाणी परिच्छेदाच्या मधोमध. त्यांपैकी एका ठिकाणी परिच्छेदाची शेवटची अडीच ओळ पुढच्या फाइलीच्या आरंभी पुन्हा आली आहे.

१० जून

सवयीची चूक झाली. एक किरकोळ बदल करून पाहावा म्हणून पूर्ण फोल्डर संगणकाच्या नेहमीच्या ‘कॉम्प्रेस’ने बांधला, नाव बदलले आणि टॅबलेटवर टाकला. पुस्तक उघडलेच नाही. ईपबचेक या तपासणी-प्रोग्रॅमने पीकेजी-००६ ही चूक दाखवली : माइमटाइप फाइल नाही किंवा ती पहिली नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. माइमटाइप फाइलमध्ये नेमकी वीस रोमन चिन्हे असतात. आधी-नंतर मोकळी जागा नाही, शेवटी नवी ओळसुद्धा नाही. ती झिपमध्ये सर्वांत पहिली आणि संपीडन न करता ठेवावी लागते. झिपमधल्या पहिल्या नोंदीचे शीर्ष तीस बाइटांचे असते, त्यानंतर फाइलच्या नावाचे आठ बाइट, आणि म्हणून अडतिसाव्या बाइटनंतर ती वीस चिन्हे उघडी वाचता येतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला झिप न उलगडताच हे ई-पुस्तक आहे असे ओळखता यावे यासाठी ही योजना आहे. मी बाहेरचा फोल्डरच बांधल्यामुळे माइमटाइप एक पायरी आत गेली होती, शिवाय तिचे संपीडनही झाले होते, आणि मॅकने स्वतःच्या दोन लपलेल्या फाइलीही सोबत घातल्या होत्या.

यापुढे बांधणी दोन टप्प्यांतच करायची. आधी फोल्डरच्या आत जाऊन झिपच्या आज्ञेने फक्त माइमटाइप, संपीडन शून्य आणि जादा माहितीचे रकाने वगळून. मग त्याच झिपमध्ये उरलेल्या फाइली नेहमीच्या संपीडनाने. या दोन ओळी एका लहान स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवल्या. एकही बदल न करता उलगडून पुन्हा बांधलेली प्रत टॅबलेटवर मूळ प्रतीसारखीच उघडली, तेव्हाच पुढे जाण्याचा भरवसा वाटला.

१४ जून

मजकुराच्या मोडतोडीचे मूळ आज सापडले.

पुस्तकभर ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’ऐवजी ‘वार्यावर’, ‘तऱ्हा’ऐवजी ‘तर्हा’ असे छापले आहे. म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधला आडवा अर्धा र जाऊन त्याच्या जागी डोक्यावर रफार आला आहे. आजवर मी याला फाँटचा दोष समजत होतो. पण जुन्या अनुक्रमणिकेच्या एनसीएक्स फाइलमध्ये एका प्रकरणाच्या नावात ‘दुसऱ्या’ शाबूत दिसला. त्या शब्दाची एकेक चिन्हे सुटी करून पाहिली, तर र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, मग य आणि काना अशी रचना निघाली. प्रकरणाच्या मजकुरात याच जागी जोडक नाही.

यावरून घडलेला क्रम असा दिसतो. सीडीवरचा मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधला होता, ज्यात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि रफार नंतर. त्याचे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीत, रूपांतर करणाऱ्याने ते किचकट काम बऱ्यापैकी नीट केले होते आणि अर्ध्या र साठी त्या काळी सर्रास वापरला जाणारा जोडक घातला होता. त्यानंतर कोणत्या तरी सफाईच्या पायरीत डोळ्यांना न दिसणारी सर्व चिन्हे कचरा समजून काढून टाकली गेली. जोडक गेला की उरतात र, हलन्त आणि य, आणि त्यांचा योग्य आकार रफारच. म्हणजे फाँट आपले काम चोख करत होता.

दुरुस्तीत जोडक परत घालण्याऐवजी युनिकोडमधला स्वतंत्र ‘ऱ’, यू+०९३१, वापरायचा. आजचे मराठी कळफलक हेच चिन्ह देतात, त्यामुळे वाचकाने ‘दुसऱ्या’ शोधले तर ते सापडेल. दिसायला सारखे पण आतून वेगळे असे दोन प्रकार एका पुस्तकात राहिले, तर शोध अर्धाच चालतो.

१५ जून

सरसकट ‘र्य’चे ‘ऱ्य’ करता येत नाही, हे उघड आहे. कार्य, सूर्य, धैर्य, पर्याय, मर्यादा यांतला रफार खरा आहे. रफार असलेले य आणि ह शोधून वेगवेगळ्या शब्दरूपांची यादी केली; २१४ रूपे निघाली. त्यांतल्या १९० रूपांबाबत शंकेला जागाच नव्हती. २४ रूपे मात्र अशी आहेत, की दोन्ही लेखने मराठीत आहेत आणि अर्थ वेगळे आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. छापील प्रतीवरून १७ रूपांचा निर्णय लागला. उरलेली सात वाक्ये चिकटलेल्या दोन फर्म्यांत आहेत. ती पाने वाफ देऊन सोडवण्याचा विचार मनात आला होता, पण शाई दोन्हीकडे चिकटलेली दिसते. एकमेव प्रत त्या प्रयोगाला लावणे योग्य नाही.

२१ जून

कुर्ल्याला मामांकडे गेलो. सातही वाक्ये मागच्या-पुढच्या परिच्छेदांसह मोठ्या अक्षरांत छापून नेली होती. मामा ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा बदलला, ओळीखाली पट्टी धरली आणि तांबडी पेन्सिल मागितली.

घाटातून कोकणात उतरतानाच्या प्रसंगात ‘वळण संपले आणि दर्या पाहून मी गप्प झालो’ असे वाक्य आहे. पुढच्या परिच्छेदात हर्णैचा समुद्र येतो म्हणून मी ‘दर्या’ कायम ठेवण्याच्या मताचा होतो. मामा म्हणाले, “अरे, दर्या तर मी गिरगाव चौपाटीवर रोज बघत होतो, त्याला गप्प कशाला होईन? घाट पहिल्यांदा पाहिला तेव्हाची गोष्ट आहे ही. दऱ्या कर.” दुसरे वाक्य ‘आचार्यांना चहा नेऊन दिला’ हे. आधीच्या परिच्छेदात छापखान्याच्या वार्षिक जेवणाचा उल्लेख असल्याने इथे आचारी असावेत असे मला वाटले होते. मामांनी सांगितले, की एक संस्कृतचे पंडित मुद्रिते तपासायला येऊन बसत, त्यांना छापखान्यात सगळे आचार्य म्हणत, चहा त्यांचा. म्हणजे दोन्ही ठिकाणी माझा अंदाज उलटा ठरला. संदर्भावरून निर्णय घेता येईल या समजुतीवर मी एकटा बसून काम केले असते, तर त्यांच्या पुस्तकात दोन नव्या चुका घालून त्यांना दुरुस्ती म्हटले असते.

सातही निर्णय मामांच्या पेन्सिलीच्या खुणांसह कागदावर आहेत. तो कागद वहीत चिकटवला.

२८ जून

यादीप्रमाणे बदल करणारी स्क्रिप्ट पायथन या संगणकभाषेत लिहिली, आणि तिने ‘पर्याय’चे ‘पऱ्याय’ केले. यादीत ‘पर्या’चे ‘पऱ्या’ करावे अशी नोंद होती, कारण एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी केलेल्या दोन पऱ्यांच्या ठोकळ्याची हकिकत सहाव्या प्रकरणात आहे. बदल पूर्ण शब्दापुरताच व्हावा म्हणून मी शोधसूत्राच्या दोन्ही टोकांना शब्दसीमेची खूण घातली होती. तरीही ‘पर्याय’ बदलला, आणि जिथे खरोखर ‘पर्या’ हा सुटा शब्द होता तिथे मात्र बदल झाला नाही.

दोन तास यात गेले, पण कारण हाती लागले. पायथनच्या अंगभूत शोधसूत्रांत अक्षरे आणि अंक शब्दाचा भाग मानले जातात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही जोडचिन्हे मानली जात नाहीत. त्यामुळे ‘पर्याय’मध्ये काना संपून शेवटचा य सुरू होतो तिथे प्रोग्रॅमला शब्दाची सीमा दिसते. उलट ‘पर्या’नंतर मोकळी जागा असेल, तर काना आणि मोकळी जागा दोन्ही शब्दाबाहेरची ठरतात, म्हणून तिथे सीमा दिसत नाही. देवनागरीसाठी ही खूण अगदी उलटे काम करते. शब्दसीमा सोडून दिली. मजकूर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे यांवर तोडायचा, पूर्ण शब्द यादीशी जुळला तरच बदलायचा, अशी रचना केली. मराठी मजकुरावर शोध-बदल करणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी तपासावी, कारण अशी चूक पानभर दिसत नाही. एखाद्याच शब्दात लपून राहते.

याच फेरीत ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’ एकाच चिन्हाचा केला. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या पद्धतीने दोन चिन्हांत लिहिलेला ‘ॲसिड’ टॅबलेटवर तुटक दिसत होता.

५ जुलै

बांधणीकडे वळलो. २७ प्रकरणांच्या २७ फाइली केल्या, दोनदा आलेली अडीच ओळ छापील प्रतीवरून पडताळून काढली. शैलीच्या फाइलमध्ये परिच्छेदांचे ४१ वर्ग होते; प्रत्यक्ष गरज सहाची होती.

काही नियम देवनागरीचा विचार न करता घातलेले होते. ओळीची उंची अक्षराच्या आकाराएवढीच ठेवली होती, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत, ती १.६ केली. शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवले होते, त्याने शिरोरेषा तुटत होती, ते काढले. प्रकरणाचे पहिले अक्षर मोठे करण्यासाठी पहिले चिन्ह वेगळ्या वेष्टणात घातले होते, आणि ‘स्वयंपाकघराशेजारी’ने सुरू होणाऱ्या प्रकरणात स मोठा, हलन्त आणि व लहान असे जोडाक्षराचे दोन तुकडे झाले होते. मोठे अक्षर छापील प्रतीत नव्हतेच. तेही काढले.

पुस्तकाची भाषा ओपीएफमध्ये इंग्रजी नोंदवलेली होती. ती मराठी केली आणि प्रत्येक प्रकरणाच्या मूळ घटकावरही तीच नोंद घातली. हा केवळ औपचारिक तपशील नाही. मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम या नोंदीवरून आवाज निवडतो, आणि ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यांत ते आकार याच नोंदीमुळे मिळतात.

१२ जुलै

फाँटने दिवस घेतला. ओपीएफमधला ओळखक्रमांक व्यावसायिकाच्या जुन्या कामक्रमांकावरून केलेला होता, म्हणून मी तो बदलला. बांधलेल्या प्रतीत मजकूर दिसला, पण वेगळ्याच फाँटमध्ये. तपासणीत कोणतीही चूक नाही.

‘मेटा-इन्फ’मध्ये ‘एन्क्रिप्शन.एक्सएमएल’ ही फाइल होती. ती पाहून पुस्तकाला कुलूप असल्याची शंका येते, पण इथे फक्त फाँट झाकलेला होता. त्याची रीत अशी : पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा वीस बाइटांचा एसएचए-१ ठसा काढायचा, आणि फाँटच्या पहिल्या १,०४० बाइटांवर तो पुन्हा पुन्हा, म्हणजे बावन्न वेळा, एक्सऑर या बिटांवरच्या क्रियेने चढवायचा. वाचणारा प्रोग्रॅम तीच क्रिया पुन्हा करून फाँट मोकळा करतो. ओळखक्रमांक बदलला की किल्ली बदलते आणि फाँटचा आरंभ निरर्थक होतो.

यात माझा निर्णयच चुकीचा होता. तेच पुस्तक दुरुस्त होत असेल, तर त्याची ओळख तीच राहिली पाहिजे. बदलायची ती सुधारणेची तारीख. जुना ओळखक्रमांक परत घातला. जुन्या फाँटच्या परवान्याचा कागद मात्र कुठेच नसल्याने तो काढून टाकला आणि त्याच्या जागी पवईच्या आयआयटीतून आलेला ‘शोभिका’ घेतला. राज्य मराठी विकास संस्थेच्या ‘यशोमुद्रा’वर तो आधारलेला आहे, साधा आणि ठळक अशी दोन वजने त्यात आहेत, आणि मुक्त फाँट परवान्यामुळे तो पुस्तकासोबत देता येतो. तो न झाकता ठेवला, परवान्याचा मजकूरही सोबत घातला आणि एन्क्रिप्शनची फाइल काढली. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असलेले एक चाचणीचे पान करून टॅबलेटवर व दोन फोनांवर पाहिले.

१९ जुलै

जुनी फाइल २००७च्या ईपब २ प्रकारातली होती. ती ईपब ३मध्ये आणली. ईपब ३.३ ही सध्याची शिफारस डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केली, तरी ओपीएफमध्ये आवृत्ती ३.० अशीच लिहायची असते. २७ प्रकरणांची नवी अनुक्रमणिका हाताने लिहिली. जुन्या यंत्रांसाठी एनसीएक्सही तिच्याबरहुकूम केली. तळटिपा ११ आहेत, त्या दुव्यांनी जोडल्या. ईपबचेकने आरएससी-००७ ही चूक तीनदा दाखवली, कारण तीन टिपांचे परतीचे दुवे जुन्या फाइलनावांकडे जात होते. न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचे एचटीएमएलमधले नाव इथे चालत नाही, तिथे १६० हा अंकी संकेत घातला.

सुधारणेची वेळ जागतिक प्रमाणवेळेत द्यावी लागते. बांधणी रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे २० तारखेला झाली, पण नोंदीत १९ जुलै, १९ वाजून १० मिनिटे असे जाते.

२६ जुलै

शेवटची पडताळणी. २०१४च्या फाइलमधून आणि नव्या फाइलमधून सर्व खुणा काढून नुसता मजकूर घेतला, एका ओळीवर एक शब्द असा मांडला आणि दोन्ही याद्या एकमेकींशी ताडल्या. फरकाची प्रत्येक ओळ मंजूर यादीतल्या एखाद्या नोंदीशी जुळली पाहिजे. पहिल्या फेरीत दोन ओळी जुळल्या नाहीत : चौदाव्या प्रकरणाचा शेवटचा शब्द मी फाइल तोडताना मागे ठेवला होता, आणि एका टिपेतला आकडा गळला होता. दोन्ही परत घातले. दुसऱ्या फेरीत न जुळणारी ओळ एकही नाही. ईपबचेकमध्ये चूक नाही, सूचनाही नाही.

संध्याकाळी मामांच्या टॅबलेटवर पुस्तक घातले. त्यांनी आधी घाटाचा प्रसंग उघडला, मग अनुक्रमणिकेतून उड्या मारत प्रकरणांचे आरंभ पाहिले. नवव्या प्रकरणावर थांबून म्हणाले, “हे ‘पाच पाइंटाचा टाइप’ माझंच चुकलंय, छापील प्रतीतसुद्धा असंच आहे. तो सहाचा होता. आता करता येईल का?”

छापील प्रत पाहिली. तिथे ‘पाच’च आहे. म्हणजे ही रूपांतरातली मोडतोड नाही, लेखकाने केलेली सुधारणा आहे. आजची फाइल जशी आहे तशी १.० म्हणून ठेवली आणि तिचा ठसा वहीत लिहिला. त्यानंतर तिची प्रत घेऊन एक शब्द बदलला, श्रेयपृष्ठावर ‘लेखकाने जुलै २०२५ मध्ये एक दुरुस्ती केली’ अशी ओळ मामांना विचारून घातली, तारीख बदलली आणि १.१ बांधली. दोन्हींतला मजकूर ताडला. बदललेला शब्द आणि ती ओळ, एवढाच फरक आला.